पायातील रक्ताची गुठळी आणि ध्वनिलहरींची परीक्षा

बाळंतपणानंतर आठवड्याभरात एकच पाय सुजावा, पोटरी दुखू लागावी आणि घरातील मंडळींनी वाताचा विकार समजून ती तेल लावून चोळावी, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. विदर्भातील हत्तीरोगाच्या पट्ट्यात अशा पायाकडे पाहून प्रथम हत्तीपायाची शंका येते. अन्यत्र मुरगळ किंवा चालण्याचा शीण अशी कारणे सांगितली जातात. पुष्कळदा ती खरीही असतात. परंतु काही रुग्णांत सुजेचे कारण पायाच्या खोल नीलेत साकळलेले रक्त हे असते, आणि अशा वेळी चोळणे अपायकारक ठरू शकते. गुठळीचा तुकडा सुटून रक्तप्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या भागात आणि तेथून फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकला, तर काही मिनिटांतही मृत्यू ओढवू शकतो. फुप्फुसात सापडणारी गुठळी बहुधा अन्यत्र तयार होऊन तेथे वाहत आलेली असते, हे जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले होते.

या विकारास वैद्यकीय परिभाषेत खोल नीलेतील अंतर्क्लथन असे म्हणतात. रक्तप्रवाह मंदावणे, नीलेच्या भित्तीस इजा होणे आणि रक्ताची साकळण्याची प्रवृत्ती वाढणे, ही त्याची तीन मूळ कारणे होत. मोठी शस्त्रक्रिया, अस्थिभंग, दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे, कर्करोग, गर्भारपण आणि त्यानंतरचे सुमारे सहा आठवडे, या अवस्थांत धोका वाढतो. गरोदर स्त्रियांत डावाच पाय अधिक वेळा सुजतो, कारण कटिभागात डाव्या बाजूची नीला उजव्या बाजूच्या रोहिणीखालून जाते व तेथे ती दबते.

मात्र नुसते पाहून वा चाचपून निदान करणे कठीण असते. पाऊल वर वाकविले असता पोटरीत कळ येते काय, हे पाहण्याची जुनी रीत होती. ती भरवशाची नाही. गुठळी असूनही कळ येत नाही आणि गुठळी नसतानाही येते. पावलावरील नीलेत औषध टोचून क्ष-किरण चित्र घेणे हा अनेक वर्षे खात्रीचा मार्ग मानला जाई. पण ते टोचणे वेदनादायक, औषध काहींना न सोसणारे, आणि सोय मोठ्या रुग्णालयापुरतीच मर्यादित.

1980 नंतरच्या दशकात हे चित्र पालटले ते श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या, म्हणजेच सोनोग्राफीच्या वापरामुळे. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. पायाच्या तपासणीत साधारणतः 50 लाख ते 1 कोटी कंपनांच्या लहरी वापरतात. त्वचेवर फिरविलेल्या शोधकातून त्या आत जातात आणि निरनिराळ्या ऊतींवर आदळून परततात. या प्रतिध्वनींपासून पडद्यावर चित्र उमटते. वाहते रक्त त्यात काळे दिसते.

येथे एक अडचण उद्भवते. ताजी गुठळीही पुष्कळदा काळीच दिसते, त्यामुळे केवळ चित्र पाहून फसगत होऊ शकते. त्यावरील उपाय इतका साधा आहे की प्रथम ऐकणाऱ्यास नवल वाटावे. डॉक्टर शोधकाने त्या जागी हलकेच दाब देतात. नीलेतील दाब अल्प असल्यामुळे निरोगी नीला पूर्ण चपटी होऊन पडद्यावरून दिसेनाशी होते; शेजारची रोहिणी मात्र ठोके देत तशीच राहते. आत गुठळी असेल तर नीला दबत नाही. जांघ आणि गुडघ्यामागील लवण येथे ही परीक्षा मुख्यत्वे केली जाते. डॉपलर तंत्राने रक्ताचा प्रवाह रंगांत दाखविता येतो व त्याची जोड उपयुक्त ठरते. तरी निदानाचा मुख्य आधार हा दाबच होय.

1989 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 220 रुग्णांची या पद्धतीने व क्ष-किरणाने अशी दुहेरी तपासणी झाली. गुडघा व मांडीच्या भागात गुठळी असलेले सर्व 66 रुग्ण ध्वनिपरीक्षेत ओळखले गेले. नीला निर्दोष असलेल्या 143 जणांपैकी 142 जणांचा निष्कर्षही बरोबर आला. केवळ पोटरीत गुठळी असलेल्या 11 पैकी मात्र 4 जणांचेच निदान झाले. पोटरीतील नीला बारीक व अनेक असतात. त्यांतील गुठळ्यांपैकी काही पुढे वर सरकतात, म्हणून संशय कायम असल्यास साधारण आठवड्याने पुन्हा तपासणी करतात. डी-डायमर नावाची रक्ततपासणीही साहाय्यक ठरते. संशय कमी असताना ती निर्दोष आली तर गुठळीची शक्यता बहुतांशी मावळते; परंतु गर्भारपणात आणि शस्त्रक्रियेनंतर ती एरवीही वाढलेली असते.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की गर्भाचीच तपासणी डोळ्यांपुढे येते. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा कायदा 1994 चा. यंत्रांची नोंदणी व त्यांवरील देखरेख त्यामुळेच आली आणि ती आवश्यकच आहे. तथापि त्याच यंत्राने, योग्य शोधक जोडला असता, सुजलेल्या पायाचीही परीक्षा होते, ही गोष्ट ग्रामीण भागात फारशी ठाऊक नसते.

निदान झाल्यावर रक्त साकळू न देणारी औषधे, प्रथम पुष्कळदा हेपारिनची इंजेक्शने आणि नंतर गोळ्या, निदान तीन महिने द्यावी लागतात. ती गुठळी विरघळवीत नाहीत, वाढू देत नाहीत. विरघळविण्याचे काम शरीर करते. त्यांच्या योगे रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने नुसत्या संशयावर ती महिनोन्‌महिने देणे उचित नव्हे, आणि निदान पक्के असताना मध्येच सोडणेही नव्हे. खरी ओढाताण होते ती दुसऱ्या फेरीची. पहिल्या वेळी काही आढळले नाही, सूजही थोडी उतरली, तर मजुरी बुडवून तालुक्याला पुन्हा कोण जाणार? म्हणून पहिल्या अहवालावरच पुढील तपासणीची तारीख लिहून ती रुग्णास व घरच्यांस वाचून दाखविणे, आणि दम लागला, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले तर त्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठण्यास सांगणे, एवढे तरी आरोग्य कर्मचाऱ्यांस करता येण्यासारखे आहे.