शंभरातून सात

चाचणी सुरू होते ती तारखेपासून. साल कोणतं, महिना कोणता, वार कोणता, हे ठिकाण कुठलं, जिल्हा कोणता. मग तीन शब्द सांगून ते ध्यानात ठेवायला लावायचं. शंभरातून सात, उरले त्यातून पुन्हा सात, असं पाच वेळा. घड्याळ आणि पेन्सिल दाखवून नावं विचारायची. कागदावरची सूचना वाचून तसं करायचं, मनानं एक वाक्य लिहायचं आणि शेवटी एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे. एकूण ३० गुण. अमेरिकेत मार्शल फोलस्टीन, सुसान फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ साली ही चाचणी मांडली. दहाएक मिनिटांत होते, म्हणून ती जगभर पसरली. २४ च्या खाली गुण आले की स्मृतिभ्रंशाची शंका घ्यायची, असा सर्वसाधारण रिवाज.

सरकारी रुग्णालयाच्या ज्या खोलीत बसून मी हे पाहिलं, तिथं समोर ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. सोबत सून. आजी शाळेत जायच्या वयाच्या होत्या, तेव्हा, म्हणजे १९५१ च्या जनगणनेत, देशातल्या स्त्रियांची साक्षरता नऊ टक्क्यांहूनही कमी होती.

“आजी, आज तारीख काय?” मानसशास्त्रज्ञ मॅडमनी विचारलं.

“तारीख न्हाई बा ठावं. परवा एकादशी झाली.”

एकादशी खरंच परवा होती. कागदाच्या नियमानं गुण शून्य. मॅडमनी शेजारी बारीक अक्षरात लिहिलं : तिथी बरोबर.

शंभरातून सात म्हटल्यावर आजी गप्प. सूचना वाचायचा प्रश्नच नव्हता, वाक्य लिहायचाही नाही. पंचकोनांचा कागद पुढं सरकवला, तेव्हा त्यांनी पेन्सिल मुठीत धरली, एक थरथरती रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली. “माझ्याच्यानं न्हाई व्हायचं.” सून हळूच म्हणाली, दारात ठिपके मोजून एवढ्या मोठाल्या रांगोळ्या घालायच्या. मला ते पटलं. रांगोळी चिमटीतून सोडतात. पेन्सिल धरायला, कागदावरची आकृती बघून तशीच काढायला शाळा शिकवते. आपण शिकलेली माणसं ते इतक्या लहानपणी शिकतो, की ते उपजतच येतं असं वाटतं.

पोर्तुगालच्या दक्षिणेला ओल्याऊँ नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथं पूर्वी थोरल्या मुलीला घरकामासाठी मागं ठेवायचे आणि धाकटीला शाळेत घालायचे. अलेक्झांड्रा रेइश आणि कास्त्रो-काल्दास या संशोधकांनी अशा निरक्षर आणि साक्षर बायकांचा अभ्यास केला. रेघांनी काढलेली चित्रं ओळखताना निरक्षर बायका मागं पडत. तीच वस्तू हातात दिली की फरक दिसेनासा होई. निरर्थक शब्द ऐकून जसेच्या तसे म्हणणंही त्यांना जड जाई. गावं आणि घरं तीच, शाळा तेवढी वेगळी.

गुणांवर शाळेचा भार किती पडतो, ते अमेरिकेतल्या १९९३ च्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. नऊ किंवा अधिक वर्षं शिकलेल्यांचे मध्यक गुण २९, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचे २६, चारपर्यंतच शिकलेल्यांचे २२. म्हणजे शेवटच्या गटातला अगदी मधला माणूसही रिवाजाच्या रेषेखाली. नंतर आलेल्या माँट्रियल चाचणीत बारा किंवा कमी वर्षांच्या शिक्षणासाठी एक गुण वाढवून देतात. मला हे अपुरं वाटतं. कधीच शाळेत न गेलेली बाई आणि बारावी झालेला कारकून यांच्यातलं अंतर एका गुणात कसं मावेल?

आपल्याकडे यावर खरं काम झालं ते हरियाणातल्या बल्लभगडला. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी चाचणी घडवली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. वाचायच्या सूचनेऐवजी “माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करते तसं करा” म्हणत डोळे मिटायचे. वाक्य लिहायच्या ऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायचं. आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. मॅडमही मराठीत तेच करत होत्या. “रविवार, शनिवार, शुक्रवार…” आजी चालू लागल्या. मंगळवारपाशी अडखळल्या आणि पुन्हा रविवारवर आल्या.

इथं खरी काळजी सुरू होते. ‘अडाणी आहे, तिला कुठलं जमणार’ म्हणून सोडून दिलं की आजार निसटतो. आणि शिक्षण कमी असणं हे स्वतःच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारं कारण मानलं जातं. ज्यांची चाचणी नीट होत नाही, त्यांनाच तिची गरज जास्त. म्हणून मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि सुनेला विचारायला घेतलं. भाजीत मीठ दोनदा पडतं का? ओळखीची वाट चुकतात का? सून थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “बचत गटाचा सगळा हिशेब तोंडी असायचा त्यांच्या. कुणाचे किती, कधी दिले. आता हातात दिलेले पैसे तासाभरानं परत मागतात.” शंभरातून सातपेक्षा हे उत्तर मोठं आहे. ही बाई काल काय करत होती आणि आज काय करू शकत नाही, हे मोजायचं असतं. केसपेपरवर एमआरआय आणि रक्ततपासणी लिहिली गेली.

त्यांच्यानंतर एक निवृत्त मुख्याध्यापक आले. ९३, ८६, ७९, ७२, ६५, एका दमात. पंचकोन पट्टीनं काढल्यासारखे. ३० पैकी २८. सर समाधानानं हसले, त्यांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. दोनदा मंडईतून घरी यायची वाट चुकली म्हणून त्या त्यांना घेऊन आल्या होत्या. शिकलेल्या मेंदूकडे साठा असतो. आतली हानी तो बराच काळ झाकून ठेवतो. याकोव्ह स्टर्न यांनी ही कल्पना मांडली, आणि अशा माणसांचा आजार पुढं उघडा पडला की उतार वेगानं होतो, असंही दिसलं आहे. मॅडमनी २८ लिहिले, त्यांच्यापुढं शिक्षणाची वर्षं लिहिली, आणि सरांना मोठ्या, लांबलचक चाचणीसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. “पण मला तर सगळं आलं,” सर म्हणाले. “हो सर,” मॅडम म्हणाल्या, “म्हणूनच.”