कळफलकाची फेरमांडणी
कोल्हापुरांतील एखाद्या कचेरींत, जुन्या टंकयंत्रावर मराठी लेखन शिकलेला लिपिक संगणकापुढें बसतो आणि सराईत बोटांखालून भलतींच अक्षरें उमटूं लागतात. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखकास मराठींत मिनिटास ३० शब्दांचा वेग लागतो, आणि तो वेग बोटांच्या सवयींत असतो. यंत्र कचेरीचें, त्यांत फेरफार करण्याचा प्रशासकीय अधिकार लिपिकास नाहीं. अशा वेळीं त्यानें काय करावें?

उत्तर यंत्राच्या रीतींतच आहे. कळ दाबली असतां कळफलक अक्षर पाठवीत नाहीं. कोणती कळ दाबली हें सांगणारा अंक तेवढा पाठवितो. त्याचा अर्थ संगणक लावतो. इंग्रजी 'के'ची कळ 'इन्स्क्रिप्ट' मांडणींत 'क' उमटविते. त्या मांडणींत स्वर डावीकडे व व्यंजनें बहुतांशीं उजवीकडे असतात. 'कोल्हापूर' हा शब्द के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे या नऊ कळांनीं पुरा होतो.

हा अर्थ तीन ठिकाणीं बदलतां येतो. पहिलें ठिकाण विंडोजच्या मुख्य नोंदवहींतील 'स्कॅनकोड मॅप'. तेथील बदल त्या यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकास लागू होतो. म्हणूनच तो प्रशासकाच्या हातीं ठेवलेला आहे. टंकयंत्राची जुनी मांडणी बाहेरून आणून बसविण्यासही सहसा प्रशासकच लागतो.

दुसरें ठिकाण म्हणजे प्रत्येकाचें स्वतःचें खातें. विंडोजमध्यें मुळांतच असलेली इन्स्क्रिप्ट मांडणी, कचेरीनें मनाई केली नसल्यास, भाषेच्या सेटिंगमधून आपल्यापुरती जोडतां येते. 'कॅप्स लॉक'च्या जागीं 'कंट्रोल' हवें असल्यास 'ऑटोहॉटकी'सारखा लहान कार्यक्रम तें काम करितो. परंतु तो चालूं असेपर्यंतच बदल टिकतो. प्रवेशपटावर, तसेंच प्रशासकीय अधिकारानें चालणाऱ्या कार्यक्रमांत त्याचा प्रभाव पडत नाहीं. सांकेतिक शब्द लिहितांना हें ध्यानांत न ठेवल्यास प्रवेशच नाकारला जातो.

तिसरें ठिकाण खुद्द कळफलक. कांहीं कळफलकांच्या पोटांतच नवी मांडणी सांठवितां येते. मग संगणकांत कांहींच बदलावें लागत नाहीं.

तथापि, करतां येतें तें सर्व करावेंच असें नाहीं. परका कार्यक्रम चालविण्यापूर्वी वा खाजगी कळफलक जोडण्यापूर्वी कचेरीची लेखी संमति घ्यावी. प्रत्येक कळ वाचणाऱ्या कार्यक्रमास सांकेतिक शब्दही वाचतां येतात. अधिकाऱ्यांचा संशय निष्कारण नसतो.

आणि नवी मांडणी शिकणें हा तोटाच आहे असें नव्हे. १९९१ सालीं भारतीय मानकांत समाविष्ट झालेल्या इन्स्क्रिप्टमध्यें 'क'ची जागा मराठींत जी, तीच कानडींत. कोल्हापुराहून बेळगांवास गेलेल्या माणसाची लिपि बदलेल, परंतु बोटांना नवा धडा गिरवावा लागणार नाहीं.