शिस्तीचे यश आणि तिची किंमत

जर्मन फुटबॉलमध्ये फेलिक्स मागाथ हे नाव दोन कारणांनी घेतले जाते. एक, मधल्या फळीतील अव्वल खेळाडू म्हणून. आणि दुसरे, खेळाडूंना घाम फोडणारे प्रशिक्षक म्हणून. 'फेलिक्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ सुखी, भाग्यवान. मात्र छळ करणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदाशी त्याची सांगड घालून खेळाडूंनी त्यांचे नाव 'क्वेलिक्स' असे ठेवले. या टोपणनावातच त्यांच्या कारकिर्दीचे मर्म दडलेले आहे.

मागाथ यांचा जन्म १९५३ चा, आशाफेनबुर्ग शहरातला. वडील प्वेर्तो रिकोचे, अमेरिकी सैन्यात होते. १९७६ मध्ये मागाथ हॅम्बर्ग संघात दाखल झाले आणि पुढील दहा वर्षे तेथेच रमले. या काळात हॅम्बर्गने १९७९, १९८२ आणि १९८३ असे तीन वेळा बुंदेसलिगाचे विजेतेपद मिळवले. २५ मे १९८३ रोजी अथेन्समध्ये युरोपियन करंडकाच्या अंतिम सामन्यात बलाढ्य युव्हेंटसविरुद्ध पहिल्या दहा मिनिटांतच मागाथ यांनी डाव्या पायाने लांबून फटका मारला. गोलरक्षक डिनो झोफ यांना तो अडवता आला नाही आणि सामन्यातील हा एकमेव गोल निर्णायक ठरला. पश्चिम जर्मनीकडून ते ४३ सामने खेळले. १९८० च्या युरो विजेत्या, तसेच १९८२ आणि १९८६ च्या विश्वचषकातील उपविजेत्या संघांत त्यांचा समावेश होता.

हॅम्बर्गमध्ये त्यांना ब्रान्को झेबेक आणि एर्न्स्ट हापेल या दोन करड्या शिस्तीच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळायला मिळाले. पुढे मागाथ स्वतः प्रशिक्षक झाले तेव्हा तोच वारसा त्यांनी आणखी कठोर केला. जड मेडिसिन बॉल घेऊन व्यायाम, लांब पल्ल्याची धाव आणि चढणीवरचा सराव ही त्यांची ओळख बनली. वोल्फ्सबर्गमध्ये तर त्यांनी सरावासाठी पायऱ्यांची टेकडीच उभारून घेतली.

या पद्धतीला फळही आले. २००१ मध्ये स्टुटगार्ट संघ तळाशी घुटमळत असताना मागाथ यांनी सूत्रे घेतली. २००३ मध्ये नवोदित खेळाडूंचा हाच संघ उपविजेता ठरला. बायर्न म्युनिकला त्यांनी २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे लीग आणि जर्मन करंडक ही दोन्ही विजेतेपदे मिळवून दिली. अशी कामगिरी पूर्वी कोणत्याही जर्मन क्लबला साधली नव्हती. सर्वांत मोठा चमत्कार वोल्फ्सबर्गचा. २००८-०९ च्या हंगामात अर्ध्या वाटेवर नवव्या स्थानी असलेला हा संघ २३ मे २००९ रोजी प्रथमच जर्मन विजेता झाला. ग्राफिते आणि एडिन जेको या आघाडीच्या जोडीने मिळून ५४ गोल केले. हंगामाच्या उत्तरार्धात प्रतिस्पर्धी थकत, तेव्हा मागाथ यांचे खेळाडू धावतच असत.

मग हे यश टिकले का नाही? बायर्नने जानेवारी २००७ मध्ये त्यांना दूर केले. शाल्केला २०१० मध्ये दुसरे स्थान मिळवून दिल्यानंतर, संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत आणि जर्मन करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेला असतानाही, मार्च २०११ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. वोल्फ्सबर्गमधील दुसरा कार्यकाळ ऑक्टोबर २०१२ मध्ये संपला तेव्हा संघ तळाला होता. प्रीमियर लीगमधील पहिले जर्मन व्यवस्थापक म्हणून २०१४ मध्ये ते फुलहॅमला गेले. संघाची घसरण रोखता आली नाही आणि सप्टेंबरमध्ये त्यांना पद सोडावे लागले.

याचे उत्तर त्यांच्या पद्धतीतच आहे. धाक आणि दमछाक यांनी विस्कळीत संघ लवकर ताळ्यावर येतो. पण धाकाची सवय झाली की त्याचा परिणाम ओसरतो, शरीर थकते आणि खेळाडूंची मने दुरावतात. त्यातच वोल्फ्सबर्ग आणि शाल्के येथे प्रशिक्षणाबरोबर खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे अधिकारही मागाथ यांच्याच हाती होते. त्यामुळे त्यांना 'नाही' म्हणणारे कोणी उरले नाही. दरम्यान, फुटबॉल बदलला. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावर पडणारा ताण मोजून सराव ठरू लागला आणि प्रशिक्षकाकडून हुकमापेक्षा संवादाची अपेक्षा होऊ लागली.

तरीही मागाथ यांना कालबाह्य ठरवणे घाईचे होईल. मार्च २०२२ मध्ये संकटात सापडलेल्या हर्था बर्लिनने त्यांनाच पाचारण केले. बुंदेसलिगातील स्थान टिकवण्याच्या लढतीत समोर हॅम्बर्ग, म्हणजे त्यांचाच जुना संघ होता. पहिला सामना ०-१ असा गमावल्यावर २३ मे रोजी हर्थाने हॅम्बर्गच्या मैदानावर २-० असा विजय मिळवला. वोल्फ्सबर्गच्या विजेतेपदाला त्याच दिवशी तेरा वर्षे पूर्ण होत होती. बुडत्या संघाला काठावर आणण्याचे सामर्थ्य या शिस्तीत निश्चित आहे. मात्र काठावर आल्यानंतर त्याच संघाची घडी वर्षानुवर्षे बसवायची, तर शिस्तीला विश्वासाची जोड द्यावी लागते, हाच मागाथ यांच्या कारकिर्दीचा धडा आहे.