लाकडी होडीची डागडुजी : कुठे खारं पाणी, कुठे गोडं

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. उधाणाच्या भरतीला होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेआधी डागडुजी उरकायची, हा कोकणातला शिरस्ता. जुनी लाकडी होडी दुरुस्तीला काढताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी : तळाला भीती खाऱ्या पाण्याची आणि वरच्या अंगाला गोड्या पाण्याची. दोन्हींचं दुखणं निराळं, म्हणून उपायही निराळे.

खाऱ्या पाण्यात बुडालेलं लाकूड सहसा कुजत नाही, पोखरलं जातं. पोखरणारा टेरेडो दिसायला अळीसारखा, पण कूळ शिंपल्यांचं. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो पिल्लू असतानाच आत शिरतो, आतल्या आत वाढतो आणि बोगदा खणत जातो. बोगद्याला चुन्याचं अस्तरही लावतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून पार चाळण झालेली असते. पावसाचं पाणी मात्र डेकच्या सांध्यातून झिरपतं, कोपऱ्यात साचतं आणि बुरशीला पोसतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर ही बुरशी धरत नाही.

म्हणून तपासणी दोन ठिकाणी करायची. जुना रंग खरवडा, छोट्या हातोडीने फळीवर टकटक करत पुढे सरका. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, बिघडलेलं बद्द वाजतं. बद्द आवाज आला तिथे टोच्या रोवून पाहा. विनासायास आत गेला, तर खडूने गोल करा. तळाशी पठाण, म्हणजे होडीचा कणा, आणि त्याला चिकटून असलेल्या फळ्या बारकाईने पाहा. वर डेकखालचे कोपरे, फळ्यांची टोकं आणि इंजिनाची बैठक सोडू नका. सगळ्या खुणा झाल्याशिवाय एकही फळी काढू नये, कारण किती लाकूड लागणार आणि होडीला आधार कुठे द्यायचा, हे त्यावरच ठरतं. एकदम जास्त फळ्या काढल्या तर होडीचा आकार बिघडतो.

फळी कापताना बिघडलेल्या भागाच्या थोडं पुढे, चांगल्या लाकडापर्यंत जावं. नव्या फळीचा जोड शेजारच्या फळीच्या जोडाच्या रेषेत येऊ देऊ नये, नाहीतर त्या जागी होडी कमकुवत होते. लाकूड सागाचं मिळालं तर उत्तमच. सागातल्या तेलामुळे ते टिकतं आणि ओकच्या लाकडासारखं लोखंडी खिळे खात नाही. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या देखरेखीखाली सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे ती आजही तरंगते आहे.

खिळ्यांकडे दुर्लक्ष नको. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतालचं लाकूड फोडतं. खिळ्याभोवती काळा डाग दिसला की हेच घडतंय असं समजावं. तांबं आणि लोखंड एकत्र वापरू नये. समुद्राच्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू झिजतो. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले, तेव्हा लोखंडी खिळे झपाट्याने खाल्ले गेले होते. हाच नियम उलटा वापरून आपण पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा बसवतो : तो झिजतो आणि पंखा, शाफ्ट वाचतात. ठोकळा अर्धा झिजला की बदलावा. त्यावर रंग मात्र लावू नये, रंगाखाली तो काम करत नाही.

आता दर्जा, म्हणजे फळ्यांमधल्या फटी, भरायच्या. कापसाचा पीळ बोथट छिन्नीने थराथराने ठोकत जायचं आणि वरून लुकण भरायचं. इथे हात आवरता घ्यावा लागतो. किनाऱ्यावर सुकलेल्या फळ्यांमधल्या फटी रुंद दिसतात, पण पाण्यात गेल्यावर लाकूड फुगून त्या आपोआप मिटतात. ठासून भरल्या, तर फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही. ती बरगड्यांवरून सुटू पाहते आणि खिळे ओढले जातात. म्हणून होडी उतरवल्यावर पहिले एक-दोन दिवस थोडं पाणी येणारच. तेव्हा पंप हाताशी ठेवा आणि घाईने सगळं पुन्हा उकरू नका.

जुन्या लाकडावर फायबरचा थर चढवून सगळं झाकायचा मोह होतो. लाकूड फुगतं-आकसतं, फायबर तसं हलत नाही. कुठे चीर पडली की पाणी आत अडकतं आणि थराखाली लाकूड गुपचूप कुजत राहतं. लाकूड आधीच बिघडलेलं असेल, तर हा उपाय नव्हे.

इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणण्याचं शेवटचं काम होडी तरंगू लागल्यावरच करावं. आधाराच्या ठोकळ्यांवर बसलेल्या होडीचा आकार पाण्यात किंचित बदलतो. किनाऱ्यावर अचूक जुळवलेला शाफ्ट पाण्यात वाकडा निघू शकतो आणि मग थरथर सुरू होते.

एवढं झाल्यावर होडीची निगा सोपी राहते. डेकचे सांधे कोरडे ठेवा, झाकणं उघडून आत वारा खेळू द्या आणि डेक समुद्राच्याच पाण्याने धुवा. पावसाचं पाणी साचलेलं दिसलं की त्याच दिवशी पुसून काढा. वर्षभर एवढं जपलं, तर पुढच्या जूनमध्ये खडूच्या खुणा कमी कराव्या लागतील.