पारलिंगी व्यक्तींसाठी गर्भनिरोधन समुपदेशन
जन्मवेळच्या नोंदीपेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या रुग्णाला त्याचे अवयव, लैंगिक संबंध आणि अपत्याची इच्छा विचारात घेऊन दिलेला गर्भनिरोधनाचा सल्ला म्हणजे हे समुपदेशन होय. टेस्टोस्टेरॉनमुळे पारलिंगी पुरुषाची मासिक पाळी थांबली, तरी गर्भाशय व अंडाशय असल्यास गर्भ राहू शकतो. हे संप्रेरक गर्भाला अपायकारक ठरते. पारलिंगी स्त्रीने घेतलेले इस्ट्रोजेनही खात्रीचे गर्भनिरोधक नव्हे. टेस्टोस्टेरॉन चालू असतानाही तांबी बसवता येते. मात्र लैंगिक संसर्गापासून संरक्षण निरोधच देतो. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या केंद्रीय कायद्यात संप्रेरकोपचारापूर्वी व नंतर समुपदेशनाची तरतूद आहे. दक्षिण मुंबईतील गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ मध्ये पारलिंगी रुग्णांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला.