सीगो लिली : सेजब्रशच्या माळावरील एका फुलाची ओळख

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेंतील यूटा संस्थानांत सहकुटुंब राहतो. त्यानें मजकडे दोन छायाचित्रें पाठविलीं. एकांत रुक्ष माळावर उभें असलेलें पेल्यासारखें पांढरें फूल होतें. दुसऱ्यांत फूल नव्हतेंच. एप्रिल महिन्यांत तेथील टेंकडीच्या उतारावर उगवलेल्या गवतासारख्या अरुंद पानांचा एक झुबका तेवढा होता. पत्रांत त्यानें विचारिलें होतें कीं, "गुरुजी, यांपैकीं सीगो लिली कोणती? तिचा कंद पूर्वीं लोक खात असत असें येथें सांगतात. मुलें तो उकरून पाहण्याचा हट्ट धरून बसलीं आहेत. उकरूं द्यावा काय?" वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्यास असे प्रश्न नेहमीं येतात, परंतु या प्रश्नाच्या उत्तरावर मुलांचा जीव अवलंबून होता, म्हणून तें उत्तर येथें जरा विस्तारानें देत आहें.

प्रथम तो प्रदेश ध्यानांत आणिला पाहिजे. रॉकी पर्वत आणि सिएरा नेवाडा पर्वत यांच्यामध्यें जें विस्तीर्ण खोरें आहे, त्यांतील नद्यांचें पाणी समुद्रास मिळतच नाहीं. तें खाऱ्या सरोवरांत जातें किंवा वाळवंटांत जिरून जातें. पाऊस थोडा; जी ओल मिळते ती बहुतेक हिवाळ्यांतील बर्फाची. अशा जमिनीवर कोसच्या कोस एकच करड्या-रुपेरी रंगाचें झुडूप पसरलेलें दिसतें. त्यास सेजब्रश म्हणतात. त्याचें पान पाचरीसारखें असून टोंकाशीं त्यास तीन दांते असतात, आणि तें चुरगळलें असतां उग्र वास सुटतो. आपल्याकडे चैत्रांत जोतिबाला जो दवणा वाहतात, तो याच आर्टेमिसिया गणांतला. म्हणून या वासाची कांहींशी कल्पना आपणांस घरबसल्या करितां येईल. या झुडपांच्या मधल्या उघड्या जागेंत सीगो लिली उगवते.

मराठी पवित्र शास्त्रांत डोंगरावरील प्रवचनांत लिलीला 'भूकमळ' असा शब्द योजिला आहे. पॅलेस्टाईनमधील तें रानफूल व हें फूल एक नव्हे हें उघड आहे. तरी ज्यानें कोणीं हा शब्द निवडिला त्याचें मला नेहमीं कौतुक वाटतें. पाण्यावांचून जमिनींतून वर आलेलें कमळ, हें वर्णन सीगो लिलीस तर फारच शोभतें.

आतां ओळखण्याविषयीं. देंठ सडपातळ, सरळ, वीतभर ते सुमारें दीड फूट उंच. पानें दोनचार, गवतासारखीं अरुंद, कडा आंत वळलेल्या. फूल उमलण्याच्या वेळीं तीं पुष्कळदां सुकूं लागलेलीं असतात, त्यामुळें फूल जणूं पर्णहीन काडीवर बसविलें आहे असें दिसतें. एका देंठावर एक ते चार फुलें येतात. मे ते जुलै हा बहराचा काळ. येथवरच्या खुणा ढोबळ आहेत. एवढ्यावर कोणीं नांव सांगूं नये. खरी ओळख फुलाच्या आंत डोकावून करावयाची. पाकळ्या तीन, रुंद, पंख्याच्या आकाराच्या. रंग पांढरा, क्वचित् किंचित् जांभळट झांक असलेला. त्यांच्या बाहेरच्या बाजूस तीन अरुंद, टोंकदार दलें असतात, तीं पाकळ्यांहून अगदीं निराळीं दिसतात. आपल्या परिचयाच्या लिलींत सहाही दलें बहुधा सारखींच असल्यामुळें, "ही लिली कशी?" असा संशय नवशिक्यास येतो. परंतु पुंकेसर सहा आणि स्त्रीकेसराचें टोंक तीन शाखांचें. तिनांच्या पाढ्याचा हा नियम तिनें सोडिलेला नाहीं.

प्रत्येक पाकळीच्या तळाशीं पिवळा रंग असतो. त्यांत एक वाटोळी, जराशी खोलगट मधुग्रंथि असून तिच्या कडेला झालरीसारखा पडदा आणि वर बारीक केंस असतात; आणि ग्रंथीच्या वरच्या बाजूस तांबूस-तपकिरी किंवा जांभळी कमान अथवा ठिपका असतो. पांढरा पेला, पिवळा तळ, गडद कमान आणि वाटोळी ग्रंथि हीं चारही लक्षणें एकत्र दिसलीं म्हणजे ती सीगो लिली, कॅलोकॉर्टस नटॅलिआय, असें निःशंकपणें सांगावें. कॅलोकॉर्टस म्हणजे ग्रीक भाषेंत सुंदर गवत. आणि नटॅलिआय हा शब्द थॉमस नटॉल या वनस्पतिसंशोधकाच्या स्मरणार्थ.

ग्रंथीवर एवढा भर कां, असें कोणी विचारील. या गणांत सुमारें सत्तर जाती असून त्यांतील पुष्कळांचा चेहरा एकमेकींसारखा आहे. रॉकी पर्वताकडील गनिसनची लिली दुरून सीगोसारखीच दिसते. पण तिची मधुग्रंथि वाटोळी नसून आडवी, लांबट असते. वायव्येकडे सेजब्रशच्याच माळावर जांभळ्या पाकळ्यांची एक जात फुलते; तिच्या प्रत्येक पाकळीच्या मधोमध हिरवी उभी रेघ असते आणि बाहेरचीं दलें पाकळ्यांहूनही लांब असतात. आणखी एका जातीची पाकळी पांढरी, पण तिच्यावरही हिरवी रेघ; तिला पूर्वीं सीगोचाच एक भेद समजत असत. या सर्वांस मिळून मारिपोसा लिली म्हणतात. मारिपोसा म्हणजे स्पॅनिश भाषेंत फुलपाखरूं.

सीगो हें नांव मात्र ना ग्रीक ना स्पॅनिश. तें तेथील मूळच्या यूट व पायूट लोकांच्या बोलींतून आलेलें आहे. हे लोक टोंकदार काठीनें कंद उकरून काढीत आणि भाजून, उकडून किंवा वाळवून खात. ता. २४ जुलै १८४७ रोजीं मॉर्मन पंथाचे लोक खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यांत वसाहतीसाठीं उतरले. पुढच्याच वर्षीं त्यांच्या पिकांवर पंखांनीं उडूं न शकणाऱ्या मोठ्या किड्यांची धाड आली, थंडीनेंही नुकसान केलें, आणि १८४८-४९ च्या हिवाळ्यांत धान्य पुरेनासें झालें. तेव्हां मूळ रहिवाश्यांपासून शिकलेल्या विद्येच्या आधारें या कुटुंबांनीं सीगोचे कंद खणून भूक भागविली. कंद अक्रोडाहून फारसा मोठा नसतो, तेव्हां एका जेवणासाठीं किती खणावें लागत असेल याचा विचार करावा. ही आठवण ठेवूनच १९११ सालीं यूटा संस्थानानें हें फूल आपलें अधिकृत पुष्प ठरविलें.

येथपर्यंतची हकीगत तिकडील पुष्कळांस ठाऊक असते, आणि धोका नेमका तेथूनच सुरू होतो. त्याच माळावर, त्याच ऋतूंत, 'डेथ कॅमस' नांवाची दुसरी एक कंदवर्गीय वनस्पति उगवते. नांवांतच मृत्यु आहे. तिचीं पानें अरुंद, गवतासारखीं. कंद कांद्यासारखा, वर काळपट पापुद्रे. फूल आलें म्हणजे चूक होण्याचें कारण नाहीं, कारण तिला मोठा पेला नसून देंठाच्या शेंड्यावर बारीक पिवळट-पांढऱ्या फुलांचा तुरा असतो आणि प्रत्येक फुलाचीं सहाही दलें सारखीं असतात. परंतु फुलापूर्वीं, पानांवरून वा कंदावरून, ती सीगोहून वेगळी काढणें मोठें कठीण. तिच्या सर्व भागांत झायगेसिन नांवाचें विष आहे. तें पोटांत गेल्यास लाळ सुटते, वांत्या होतात, नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो; अधिक गेल्यास प्राणही जातो. चराऊ कुरणांत मेंढ्या या वनस्पतीनें पुष्कळ मेल्या आहेत.

कोणी सांगतात कीं, चुरगळून वास घ्यावा. कांद्याचा वास आला तर निर्भय, न आला तर विष. ही परीक्षा रानकांदा व डेथ कॅमस यांच्यापुरती उपयोगी आहे, पण येथें ती कुचकामाची होय. कारण कांद्याचा वास सीगोलाही नाहीं आणि डेथ कॅमसलाही नाहीं. अर्धवट ज्ञान अज्ञानाहून घातक कसें होतें, तें अशा वेळीं दिसतें. आपल्याकडेही पावसाळ्यांत कुंपणावर चढणारी कळलावी पाहून, तिच्या ज्वालेसारख्या फुलाची भूल पडून, कंदाला हात घालणारे आहेतच. तोही कंद विषारी. एके काळीं कळलावी, डेथ कॅमस आणि सीगो या तिघींसही एकाच लिलीकुलांत घालीत असत. आतां शास्त्रज्ञांनीं पहिल्या दोघींस निरनिराळ्या कुलांत नेलें आहे. सीगो तेवढी लिलीकुलांत उरली.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मीं लिहिलें : "पहिल्या चित्रांतील फूल सीगो लिलीच आहे; तळाचा पिवळा रंग, वरची कमान व वाटोळी ग्रंथि स्पष्ट दिसतात. दुसऱ्या चित्रांतील पानांविषयीं मी कांहीं सांगूं शकत नाहीं, आणि केवळ पानांवरून जो सांगेल त्याचें ऐकूं नको. तेथें एक खूण करून ठेव आणि फूल येईपर्यंत वाट पाहा. मुलांना सांग, सीगोचाही कंद उकरावयाचा नाहीं. बीं रुजल्यापासून पहिलें फूल येण्यास कित्येक वर्षें लागतात, आणि कंद काढला कीं तें झाड संपलें. पूर्वीं लोकांनीं तो खाल्ला तो भुकेनें. तुमच्या घरीं पीठ आहे."

मुलांनीं त्या झुबक्याभोंवतीं चार दगड मांडून ठेविले. त्या वर्षीं पानें सुकून गेलीं, हिवाळ्यांत दगडांवर बर्फ पडलें, आणि बर्फ वितळल्यावर पानें पुन्हां वर आलीं. मे महिन्यांत तिसरें छायाचित्र आलें. चार दगड दिसत होते, आणि मधोमध एका देंठावर बारीक, पिवळट-पांढऱ्या फुलांचा दाट तुरा उभा होता.