एल्फिन्स्टनचा जिना

तर मंडळी, आज प्रभादेवी स्टेशन, म्हणजे जुनं एल्फिन्स्टन रोड. शेजारीच सेंट्रलचं परळ. इथल्या गिरण्या गेल्या, टॉवर आणि ऑफिसं आली, गर्दी वाढली. दोन्ही स्टेशनं जोडणारा पूल मात्र तोच, अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ची सकाळ. धो-धो पाऊस. भिजायला नको म्हणून लोक जिन्यावरच थांबले, मागून लोकलची गर्दी येतच राहिली. चेंगराचेंगरीत २०हून जास्त जीव गेले. मग लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल खुलासुद्धा झाला. म्हणजे पाच महिन्यांत होतं की हो! त्याच जुलैत नाव बदललं. मी तिकीट मागताना अजून एल्फिन्स्टनच म्हणतो. आणि पाऊस असला तरी जिन्यावर थांबत नाही, भिजतच उतरतो.